उजवा कौल

आमच्या गावाचं नाव नकाशात दोनदा आहे.
एकदा सड्यावर, जिथे आम्ही राहतो,
आणि एकदा खाली, खाडीच्या तोंडाशी;
तिथे तलाठ्याच्या अक्षरात पुढे लिहिलंय: बेचिराग.

खाली सरकारांचा महाल.
विलायतेत पाहिलेले चार मनोरे
त्यांनी जांभ्या चिऱ्यात उठवले,
आणि दिवाणखान्यातून समुद्र दिसेना.
मध्ये आमची छपरं होती,
वाळत घातलेली सुकट,
तिचा वास.

मोजणीदार आला, लिहून घेऊन गेला:
धरता माड, दोन रुपये.
न धरता, आठ आणे.
विहिरीचा दर लावला नाही,
पाणी काय कुणी लावलेलं नसतं.
होड्या ज्याने त्याने सोबत न्याव्यात.

सड्यावर होडीचं काय करायचं,
हे रोघा तांडेलाने विचारलं नाही.
नेली. अठरा माणसं, दोन दिवस.
उपडी घातली आणि खाली कोंबड्या कोंडल्या.

पण बाकीचा गाव हलेना.
मग कारभारी म्हणाले, देवाला विचारा.
माझा पणजा, बाबुल गुरव,
त्याने पाषाणाला सुरंगीच्या कळ्या लावल्या.
उजवी पडली तर जायचं. डावी, तर राहायचं.

घटका गेली. एकही पडेना.
बाहेर अख्खा गाव उकिडवा बसलेला,
आणि पाणंदीच्या तोंडाशी कारभाऱ्यांची घोडी
पाय आपटत होती.
पणज्याने समईत तेल घालायला हात पुढे केला,
आणि ओरडला,
"उजवो दिल्यान!"

मरताना तो चुलत आज्याला म्हणाला,
"कळी पडाक नाय होती रे.
माझो हात लागलो,
का मीच लावलंय, ता आठवणा नाय."
महालाच्या बागेत त्याने एकतीस वर्षं
गुलाबांना पाणी घातलं.
आपल्याच विहिरीचं.

आता महालात पाहुणे उतरतात, भाडं भरून.
विहिरीवर जाळी आहे, जाळीतून नाणी टाकतात.
आम्ही वर, एप्रिल लागला की
टँकरच्या भोंग्याकडे कान लावून.

वर्षातून एकदा दोन तास फाटक उघडतं,
पालखी खाली येते.
विहिरीपाशी ती जड होते, दरवर्षी.
भोई म्हणतात, देव हलत नाही.
मी म्हणतो, उतार आहे, घाम आहे, खांदे बदला.

यंदा रोघाच्या पणतूने विचारलं,
सगळ्यांसमोर,
"गुरवानू, कौल परत लावूक येता काय?"

मी म्हटलं, थांब.
समईत तेल कमी झालंय.