उलटं घड्याळ

माझं घड्याळ छातीवर उलटं टांगलेलं असतं.
समोरच्याला त्यात बाराच्या जागी सहा दिसतात.
मी मान खाली घातली की मला सुलटं.
एकोणीस वर्षं वाटत आलं,
वेळ नीट वाचायचा मक्ता
या वॉर्डात माझ्याकडेच आहे.

केप कोस्टच्या आमच्या गल्लीत मला नाव नाही.
नर्स म्हणतात. अरबा एशुन ही कुणीतरी
पगाराच्या स्लिपवर राहते.
मयताला गेले तर पुढची खुर्ची.
चर्चच्या पायरीवर कुणाचीतरी मावशी
बाही सरसावून उभी, जरा प्रेशर बघ.
बघते. यंत्र नसलं तर मनगट धरते
आणि भुवई अशी उचलते
की तिला ती आठवडाभर पुरते.

तोरा म्हणा. म्हणा, मी नाही म्हणत नाही.
इस्त्री मोडू नये म्हणून ट्रोट्रोत
सीटवर आधी टॉवेल अंथरते.
माझ्या खुर्चीवर बसायचं नसतं
हे नव्या डॉक्टरला पहिल्या आठवड्यात कळतं.
पण सलग बारावी रात्र, जनरेटर बंद,
टॉर्च दातांत धरून कुणाच्या हातावर शीर शोधताना,
सांगा, दुसरं काय उभं ठेवतं माणसाला?
पगार?

तर, हरमॅटनचे दिवस.
खिडक्यांवर सहाराची धूळ.
सात नंबरला कोबिना क्वान्साह, एल्मिनाचा कोळी,
हर्नियाच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस.
हा माणूस पेज आली की शिव्या द्यायचा.
पेजेला, वाटीला, वाटी विसळणाऱ्याला,
त्याच्या आजोबांना.
संध्याकाळी त्याची मुलगी आली, एकुआ,
अंगाला माशांच्या धुराचा वास.
काउंटरशी उभी राहून म्हणाली,
बाबांचं काहीतरी बिनसलंय.
मुकाट्याने पेज प्यायले
आणि मला म्हणाले, बरं झालं आलीस.

मी तक्ता पाहिला.
ताप नाही. नाडी जरा जलद, पण चौकटीत.
म्हटलं, मला ठाऊक आहे.
हे तीन शब्द बहुतेक
युनिफॉर्मबरोबरच शिवून येतात.
ती हलेना.
ते कुणाला असं बोलत नाहीत, नर्स.
मी घड्याळ उचलून बघितलं.
भेटायची वेळ संपली होती.

सव्वादहाला त्याचं पोट फळीसारखं.
मग धावपळ, फोन, सर्जनला झोपेतून उठवणं,
ट्रॉलीचं अडकणारं चाक लाथेने सरळ करणं.
हे सगळं मी उत्तम केलं. खरंच उत्तम.
सगळे म्हणाले, एशुन होती म्हणून.
मी ते ऐकून घेतलं.

जगला तो. वीतभर आतडं कमी,
महिन्याने काठी टेकत घरी गेला,
दारातल्या वॉचमनला एक कडक शिवी देऊन.
एकुआने कागदात बांधलेले मासे
काउंटरवर ठेवले.
आभार मानले, माझ्या डोळ्यांत बघत, सावकाश.
ते कुठे ठेवायचे मला अजून समजलेलं नाही.
मासे आम्ही रात्री वाटून खाल्ले.
चांगले होते.

परवा ड्यूटी सोपवताना
नव्या मुलीला म्हटलं,
अकरा नंबर आज कुणावर खेकसला नाही, लक्ष ठेव.
ती पेन घेऊन तक्त्यावर जागा शोधत राहिली.
कुठल्या रकान्यात लिहू, मॅडम?
मला ठाऊक नव्हतं.
समासात लिही, म्हटलं,
आणि किती वाजले बघायला मान खाली घालणार,
तोच ती म्हणाली, सव्वासात.

उलटंच वाचलं होतं तिनं,
समोर उभं राहून, सहज.