निम्मं मीठ

एकविसावा दिवस, तरी मुळं नाहीत.
जंभेरीचे चाळीस कोंब, चाळीस बाटल्या.
वरती पानं अशी की सारं आटोपलंच आहे,
आणि बुडाशी नुसता फिकट गोळा,
ज्वारीच्या लाहीएवढा.

वरूडच्या अलीकडे, जिनिंगच्या जुन्या गोदामात
आमची लॅब. दोन एसी, एक इन्व्हर्टर,
दाराशी पाटी: चपला बाहेर काढाव्यात.
लोक देवळात यावं तसे आत डोकावतात.

मॅडम म्हणाल्या, लाड फार झाले, छबू.
मीठ निम्मं कर. साखर तेवढीच राहू दे.
संजीवक चिमटीच्याही चिमटीत,
मग आठ दिवस काळं कापड.
भरल्या ताटावर बसलेलं रोप
खाली कशाला उतरेल?

त्याच दुपारी कवडूजी खेरडे आले,
शेंदुरजनाघाटचे. पन्नास वर्षं डोळे भरले त्यांनी,
रोपांचे.
स्वतःच्या बागेत बुंध्याबुंध्याला डिंक्या लागला
तेव्हा काही बोलले नव्हते म्हणे,
कुऱ्हाडीला धार लावून आणली फक्त.
आता दोनशे खुंटांची नोंदणी आमच्याकडे.

काचेला नाक लावून बघत राहिले.
"मातीबिना मूय? कायले फुटन थे?
जाचं कुठी हाय त्याले?"

मला उत्तर सुचलं नाही.
मी दिव्यावर चिमटा तापवत होते,
आणि मग लाईन गेली.

नवव्या दिवशी कापड काढलं.
बावीस नंबरात बुरशी,
सरकीसकट कापूस भरावा तशी गच्च.
ती न उघडताच उकळायला टाकली.
सव्वीसमध्ये, तिरप्या उजेडात धरल्यावर,
सुतापेक्षा बारीक, पांढरं, किंचित वाकडं काहीतरी.
तेहतीसमधलं तर काचेपर्यंत पोचून
काचेला टेकून वळलेलं.
कुठं जायचं ते ठाऊक नसताना
निघालेलं.

रजिस्टरात लिहिलं:
मुळं, पंचवीस. बुरशी, दोन. बाकी तशीच.
बेरीज दोनदा केली, बरोबर आली.
शेऱ्याचा रकाना कोरा.

महिन्याभरानं कोमट पाण्याखाली एकेक रोप धुतलं,
मुळांना चिकटलेली अगरची खीर सुटेपर्यंत.
कवडूजी आलेच होते. तळहातावर एक ठेवलं,
तर सवयीनं त्यांनी फुंकर मारली.
"अहो, फुंकू नका!"
शेल्यानं तोंड झाकून हसले,
डोळे तेवढे दिसत होते.

कपातल्या ओल्या कोकोपीटमध्ये रोप उभं केलं
आणि मी काही सांगायच्या आत
त्यांच्या अंगठ्यानं बुडाभोवती दाबलं,
एकदा, दुसऱ्यांदा हलकं,
मग शेंडा धरून जरासं ओढून पाहिलं.

लगेच सोडलं.
"नाही धरलं अजून," मी म्हटलं.
"धरन," म्हणाले,
आणि पुढचा कप मागितला.