मगदुमांची वही

शिंगणापूरच्या बंधाऱ्याअलीकडं
नदीनं स्वतःसाठी ठेवून घेतलेलं एक जुनं रान आहे.
कुणीतरी कधीतरी त्याला फाटक बसवलं,
फाटकाला नाव दिलं. नाव पुरात गेलं.
फाटक आहे.

सहाला आम्ही दोघं आत शिरतो.
पंचगंगेवर धुकं, धुक्यातून पलीकडच्या गुऱ्हाळाचा वास.
काकवी जरा जास्त तापली की
हिंदुराव मगदूम थांबतात, नाक वर करतात,
"गुळव्याला डुलकी लागली जणू."

उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस.
बारीक आवाज सगळे तिथंच राहिले,
बिडाच्या चुऱ्यात.
तांबट ऐकू येतो, टुक् टुक् टुक्,
"हा आमच्यातला. पाळी चुकवत न्हाई."
भारद्वाज येतो, रिकाम्या घागरीतनं आल्यासारखा.
त्याच्या वरचं काही नाही.

म्हणून ते पानं बघतात.
कुठलं पान वाऱ्यानं हललं, कुठलं वजनानं,
त्यांना कळतं. मला अजून नाही.
वाळुंजाच्या ढोलीतले पिंगळे त्यांनीच दाखवले.
अर्जुनाच्या खोडावर पुराची रेघही,
माझ्या डोक्याच्या चांगली हातभर वर,
आणि तिच्याही वर, बेचक्यात अडकलेला
कुणाच्या तरी पातळाचा जरीकाठ.
त्याच्या आडोशाला रातबगळा.
"ह्या पातळाची बाई आता कुठं असंल वो?"
मी काही बोलले नाही.
रातबगळ्यानं आपला तांबडा डोळा मिटला.

आज काटेसावर फुलली होती.
पान एक नाही, नुसती लाल.
खाली उभे राहिलो, तोवर
चष्मेवाल्यांची झुंड येऊन उतरली,
चिमूटचिमूट हळद, डोळ्याभोवती पांढरी कडी,
आणि तो आवाज!
कुणी ओंजळभर बांगड्या पाण्यात हलवत बसावं तसा.
अख्खं झाड किणकिणत होतं.
मला शेजारी नदी ऐकू येईना.

मगदूम बोटांच्या पेरांवर मोजत होते.
बावीस. परत मोजले. बावीसच.
"काय गुणी पाखरं बघा," माझ्याकडं वळून म्हणाले,
"एवढी जमली, पण तोंडातनं चकार शब्द न्हाई."

मी तोंड उघडलं.
मग उगाच गुऱ्हाळाच्या धुराकडं बघितलं.

वही निघाली. तारीख, वार. हवा: धुकं.
झाड: सावर.
पक्षी: चष्मेवाला, २२.
शेऱ्याच्या रकान्यात
टपोऱ्या, शाळेतल्या अक्षरात: मुके.

खाली दोघांच्या सह्या लागतात,
कारखान्यातल्या जॉबकार्डासारख्या,
एक बघणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची.
त्यांनी पेन पुढं केलं.
वर अजून किणकिण चाललीच होती.

मी सही केली.