एकच प्रत ठेवायची का?

सोहारमध्ये शुक्रवारी दुपारी
बंदरावरच्या क्रेनसुद्धा माना टाकून असतात.
पडदा ओढून बसले आहे. एसी खोकतोय.
आणि प्रत्येक मेल दोनदा येतोय.

दोनदा विजेचं बिल.
दोनदा फ्रोझन मटणावरची सवलत.
पाळीचं वेळापत्रकही दोनदा,
म्हणजे बघता बघता माझ्या सहा रात्रपाळ्या.

चूक माझीच.
जुन्या खात्याला सांगून ठेवलं होतं,
येईल ते पुढे धाड.
नव्याला सांगितलं, जुन्याच्या दारात जा,
असेल ते उचलून आण.
दोघंही सांगकामे.
एक पोचवतो, एक घेऊन येतो,
वाटेत भेटले तरी ओळख देत नाहीत.

आमच्या प्लँटवर एकदा झालं होतं असं.
बद्रने आणि थॉमसने खारेपणाची नोंद
दोन वेगळ्या वह्यांत केली, इमानाने,
आणि महिनाअखेरीस समुद्र दुप्पट भरला.

मग कळलं, प्रत्येक मेलच्या पोटात
एक लांबलचक क्रमांक असतो,
जन्मतानाच गोंदलेला.
विषय सारखा, तारीख सारखी, त्याला अर्थ नाही.
क्रमांक तोच, तर मेल तोच.

अप्पांना फोनवर सांगितलं.
तीस वर्षं मिरजेला रेल्वे टपालात
सॉर्टिंग केलेला माणूस.
"म्हणजे रजिस्टरचा नंबर," म्हणाले.
"मग त्यात काय एवढं?
पण पुसायच्या आधी सगळं एकदा बाजूला काढून ठेव."

ठेवलं.
धाडणं बंद केलं, आणणं तेवढं चालू.
चार हजारांवर जोड्या निघाल्या.
यंत्र क्रमांक जुळवत गेलं,
एक ठेव, एक पूस,
एक ठेव, एक पूस,
आणि अप्पांच्या मेलपाशी अडलं.

तेही जोडीजोडीनेच होते.
"पोचलीस का. सवडीने कळव."
एक नऊ दहाचा, एक नऊ चौदाचा.
दर रविवारी. तीन वर्षं.
दिसायला तेच, पण क्रमांक वेगळे.
नीट पाहिलं तर दुसऱ्यात
पोचलीसची वेलांटी चुकलेली.
म्हणजे परत टाइप केलेलं,
एका बोटाने, पहिल्यापासून.

पुन्हा फोन लावला. दोनदा का, अप्पा?

"पेटीत पत्र टाकल्यावर," ते म्हणाले,
"माणूस हात घालून बघतोच ना,
आत पडलं का."

स्क्रीनवर अजून विचारतायत,
एकच प्रत ठेवायची का?

बाहेर अस्रची अजान सुरू झाली,
आधी बंदराकडच्या मशिदीतून,
मग आमच्या गल्लीतल्या,
दोन श्वास मागे.