उत्पन्नाचा दाखला

समाजसेवा विभाग, खोली नंबर नऊ.
तांबे मॅडम रेशनकार्डाचा केशरी रंग निरखतात,
विचारतात, "वर्षाचं उत्पन्न?"

हे माझ्याकडे बघत नाहीत.
पिशवीतून तहसीलचा दाखला काढतात,
तळहातानं सपाट करतात,
वह्यांची पानं करतात तसा.

टेबलाच्या या बाजूनं
मी आकडा उलटा वाचते.
बारानं भागते.
परत भागते.

कात्रजला, बोलणीच्या वेळी,
मामांपुढं सांगितलेला पगार
एकवीस वर्षांनंतरही
याच्यापेक्षा मोठाच.

बाकीचे पीएफला जातात, म्हणायचे.
त्या पीएफवर मी पोरीचं नर्सिंग
मनात कधीच भरून टाकलेलं.
महिनाअखेरीला डबे वाजले की
माझाच हात सैल, असं समजत आले.
आणि हे, अप्पा बळवंत चौकातून
रात्री दहाला, बोटांना खळ,
"भूक नाही" म्हणत.

शिक्का पडला.
"बसतंय मर्यादेत," मॅडम म्हणाल्या,
"डायलिसिसचे पैसे लागणार नाहीत."

यांचा चेहरा
पास झालेल्या पोरासारखा उजळला,
मग माझ्याकडे वळला
आणि तसाच राहिला, अर्धवट.

जिन्यात मी एवढंच म्हणाले,
"एक कप घ्या तुम्ही.
मला पाणी मोजूनच आहे.
पैसे मी देते."