दाखल क्रमांक ४१०७

विट्यात आमचं वाचनालय यंत्रमागांच्या दोन शेडमधे.
लाईट असली की ओरडून वाचायचं;
गेली की माग थांबतात
आणि वाचणारा दचकून आवाज खाली आणतो.

पुस्तक रद्दीतून आलं, बारा रुपये किलोनं,
बँकेच्या डायऱ्या आणि बारावीच्या गाईडांबरोबर.
मुखपृष्ठ नाही. पहिली चार पानं नाहीत.
मनोगताखाली एवढंच : आपली, द्रौपदा.
आडनाव वाळवीनं नेलं
की तिनंच लिहिलं नव्हतं,
यावर आमचा पहिला गुरुवार गेला.

आम्ही पाच जण. म्हणजे साडेचार,
कारण प्रणोती शेंडगे स्पर्धा परीक्षेचं वाचते
आणि चालू घडामोडींच्या आडून आमचं ऐकते.
मगदूम गुरुजी भिंग आणतात,
शिसपेन्सिलीनं चुकीचे ऱ्हस्वदीर्घ मोजतात.
पहिल्या प्रकरणात एकोणसाठ.
नसीमा मुलाणी काजं करता करता पुढचं वाचून येते,
तिच्या खुणेच्या चिंध्या पानापानातून लोंबतात.
धोंडीराम निकम वाचत नाहीत, ऐकतात.
उमेद सगळी कोईमतूरला, गलाईच्या भट्टीपुढं गेली;
तेजाबानं बोटांवरच्या रेषा खाल्ल्या,
रेशनच्या मशीनवर आता त्यांचा अंगठा उमटत नाही.
आणि मी, दाखल नोंदवहीची मालकीण,
महिना अडीच हजार, तेही अनुदान आलं तर.

इतकी वर्षं यादी वरून यायची,
यादीतले लेखक आम्ही कपाटात लावायचो,
सनावळीसकट.
द्रौपदा कुठल्याच यादीत नव्हती.

ती लिहिते :
सराफाच्या दुकानातला केर आम्ही विकत घ्यायचो.
उंबऱ्याची माती. कारागिरांची फडकी. बसायची सतरंजीसुद्धा.
जाळायचं, धुवायचं, गाळायचं.
महिन्याच्या केरात कधी गव्हाएवढं निघे, कधी राजगिऱ्याएवढं.
थोरला गेला त्या साली भाव चढा होता.
रात्री मालक परातीवर माझे केस झाडायला लावायचे.

थोरल्यावर पुढं एक ओळ नाही.
मी पानं मागंपुढं करून पाहिली.

पण भांडण लागलं ते 'मालक' वर.
गुरुजी म्हणाले, मालक म्हणजे दुकानाचा शेठ,
शोषणाचं चित्र आहे, आदरार्थी बहुवचन उपरोधानं.
नसीमानं दातातला दोरा तोडला :
गुरुजी, आमच्या गल्लीत विचारा, मालक कुणाला म्हणतात.
नवऱ्याला.
गुरुजींनी पान भिंगाखाली धरलं,
जसं काही शब्दात आत कुणी बसलंय.

तेवढ्यात लाईट गेली.
माग एकेक करून थांबले
आणि त्या शांततेत धोंडीराम, जरा जास्तच मोठ्यानं,
म्हणाले, मी बी लावायचो.

कुणी काही बोललं नाही.
नसीमानं सुई कुठं टोचली ते तिलाच सापडेना.
मी उठून खिडकी उघडली, उघडीच होती.

त्या आठवड्यात मी नोंद करायला घेतली.
लेखकाचे नाव : द्रौपदा.
पुस्तकाचे नाव : रकाना कोरा, पेन्सिलनं टिंब.
किंमत : वजनावर काढली, एक रुपया ऐंशी पैसे.
शेरा : लिहून खोडला.
तपासणीला साहेब येतील तेव्हा विचारतील
हे कोण, हिचं आणखी काय आहे.
आणखी काय आहे, हेच मीही रद्दीवाल्याला विचारून ठेवलंय,
फाटकं असलं तरी फेकू नको म्हणून.

पुढच्या गुरुवारी धोंडीराम बायकोला घेऊन आले.
हिला ऐकू दे, म्हणाले, आणि स्वतः बाहेर पायरीवर बसले.
पारूबाई दाराशी टेकल्या,
पदर कपाळापर्यंत, खुर्ची नको म्हणाल्या.
नसीमानं तेच पान पुन्हा वाचलं,
केसांपाशी आल्यावर हळू.

परात नव्हे, पारूबाई म्हणाल्या.
पितळंवर पितळंचाच उजेड.
आम्ही पोराची पाटी धरायचो खाली.
काळ्यावर कण दिसतो.

गुरुजींनी पेन्सिल उचलली, तशीच धरून राहिले.
प्रणोतीनं पुस्तक मिटलं,
चालू घडामोडींचं,
आणि खुर्ची ओढून इकडं घेतली.