ताण

नवरात्र संपलं. गच्चीवर असं ऊन
की प्लॅस्टिकची चप्पल लादीला चिकटते.
थर्माकोलचे खोके मी एकेक करून उलटे करते,
दिवाळ्याच्या बाजारातले, मासळीचे.
तीनदा धुतले, तरी मांजर अजून
त्यांच्यावर हक्क सांगायला येतं.

भेंडी उपटली. बुंध्याचं लाकूड झालं होतं.
दोडक्याचा वेल डिश अँटेनावरून सोडवताना
आत एक विसरलेला दोडका सापडला.
हलवला, तर बिया वाजल्या.
बिया पुढच्या पावसाला,
उरलेला अंग घासायला.

माती पसरलीय जुन्या बॅनरवर
(कुणाच्या तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा,
चष्म्याच्या काचेवर एक गांडूळ).
चार दिवस ऊन खाऊ दे तिला.
मग शेणखत, निंबोळी पेंड, भाताचं तूस.
मग मेथी, मुळा, लाल माठ,
आणि तळवली नाक्यावरून आणलेली
टोमॅटोची रोपं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
माना टाकून.

दादा खुर्चीतून बघतो.
हासूराम तांडेल, वय बाहत्तर,
कोरडं वजन एक्कावन्न किलो.
मंगळ, गुरू, शनी मशीनवर.
दिवसाला पाऊण लिटर पाणी,
चहा धरून, आमटी धरून, गोळीचा घोट धरून.
मी सकाळी बाटली भरून देते,
मार्करने रेघा मारलेली.
मीठ बंद.
तीस वर्षं मिठागरात फळी ओढली त्याने;
आता तिथे काचेच्या इमारती आहेत
आणि ताटात फोडणीचा नुसता वास.

लिंबू जिन्याखाली, निळ्या पिंपात.
गणपती गेले तेव्हापासून पाणी तोडलंय.
हस्त बहार धरायचा तर ताण द्यावा लागतो,
हे त्यानेच शिकवलं मला, मी नववीत असताना:
"पोट भरल्या झाराला फूल नाय सुचत."
पानं आता आत वळलीत,
ऐकू नये ते ऐकल्यासारखी.

बुधवारी पिंपात बोट खुपसलं,
दुसऱ्या पेरापर्यंत ओल.
आधी पत्र्याकडे बघितलं, गळतोय का.
मग बाटलीकडे.
अकरा वाजलेले, आणि पाणी
दुपारच्या रेघेखाली.
त्याचे ओठ मात्र पांढरे, सालं निघालेले.

"दादा, लिंबाला पाणी घातलंस?"
"येवरंसं. त्याला कंचा डाक्टर हाय?"

बहार गेला, असं ओरडायचं होतं मला.
ते राहिलं.
बाटली हातात धरून हिशेब करत बसले:
जे पाणी त्याने प्यायलंच नाही
ते त्याच्या खात्यात मांडायचं की झाडाच्या?
भरून दिलं, तर उद्या परत देईल.
नाही दिलं, तर...
एक रेघ भरली, आणि तो पिऊन होईपर्यंत
तिथेच उभी राहिले, पोलिसासारखी.

संध्याकाळी त्याने वाल मागितले.
"वालाला पानी नको. दंव पुरं हाय."
डाव्या हाताला भार नको,
तिथे फिस्तुला गुणगुणतो कातडीखाली,
म्हणून उजव्या हाताने, खुर्चीतून वाकून,
सगळ्यात मोठ्या खोक्यात एकेक बी
त्याने अंगठ्याने दाबलं.
मोजले नाहीत. मी मोजले. सव्वीस.
पौषात पोपटी लावायची म्हणाला;
भांबुर्डा कुठे मिळतो आता, हे मी विचारलं नाही.

आज बारा दिवस झाले.
मेथी दाट आलीय, मुळ्याला मुंग्या.
वाल तेवीस. दोन मांजराने उकरले,
एकाचं कळलं नाही.
लिंबाला फूल नाही.
चार कोवळी पानं आलीत, तांबूस.
एक खुडलं, चुरगळलं,
त्याच्या तळहातावर ठेवलं.

बराच वेळ हुंगत राहिला.
मग डोळे न उघडताच म्हणाला,
"आता येवरंसं मीठ आन."